मारुतीला पाणी कुठवर लागलंय?

पाना-पक्कड : जुन्या गाड्यांच्या प्रश्नांचं सदर

पत्र थोडक्यात : नाशिकरोडच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४७, नोकरी करतात. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, २००१ च्या डिसेंबरात घेतलेली मारुती ८०० अजून घरात आहे. पाटी एमएच ०८ ची, कारण पहिली आठ वर्षं गाडी अण्णांच्या नोकरीपायी रत्नागिरीत होती. २००९ मध्ये नाशकात आली. अण्णा आता ७९ वर्षांचे. चालवत नाहीत, पण गाडीला फडकं मारल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाहीत. ताई रोज ऑफिसला हीच गाडी नेतात. यंदाच्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट ओली राहू लागली, दोन्ही रनिंग बोर्डांवर, म्हणजे दारांखालच्या लांब पट्ट्यांवर, रंगाला फुगे आले, आणि मागच्या चाकाच्या कमानीचा जोड बोटाने दाबला की कुरकुरतो. एका मिस्त्रीने गॅस मारून, लांबी (म्हणजे पुट्टी) भरून, रंग देऊन ११ हजार सांगितले. दुसऱ्याने फ्लोअर आणि रनिंग बोर्ड कापून नवा पत्रा टाकायचे ५८ हजार सांगितले, वर ‘साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो’ असंही म्हणाला. साहेबांचं, म्हणजे मिस्टरांचं, मत : भंगारात द्या. डिप्लोमाला असलेला मुलगा म्हणतो, १५ हजाराचं सीओटू (वायूच्या आवरणात तारेने जोडणारं) वेल्डिंग मशीन घेऊ, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीच करतो. डिसेंबरात पासिंग, म्हणजे नोंदणीची मुदत, संपतंय. ताई विचारतात, ‘दोन मिस्त्र्यांत फसवतोय कोण? आणि मुलाला करू द्यावं का?’

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त दोन वेगवेगळ्या पानांवर. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय की ११ हजारवाल्याने दुकानाच्या दारातच, इंजिन चालू असताना भाव सांगितला. तिसऱ्या पानावर लिहिलंय की ५८ हजारवाल्याने गाडी रॅम्पवर चढवली, खालून बॅटरी मारली आणि मान हलवली. पहिल्याला तुम्ही म्हणालात, ‘डिसेंबरात पासिंग आहे, फुगे आलेत.’ त्याने पासिंगपुरता भाव दिला. दुसऱ्याने न विचारता पुढच्या दहा वर्षांचा दिला. मला तर दोघांतला कोणीच लबाड वाटत नाही. ही गाडी तुम्हाला अजून किती वर्षं हवी आणि कशासाठी, हे त्या दोघांना कोणी सांगितलंच नव्हतं. खरं सांगू का, साडेचार पानांच्या पत्रात ते मलाही सापडलं नाही.

गोदेला पूर आला की नाशिककर फूट-मीटर विचारत बसत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढं कानावर आलं की सराफ बाजारात कोणी माल वर चढवायचा ते ज्याचं त्याला समजतं. तुमच्या मारुतीचंही तसंच करू. पाणी कुठवर लागलंय ते आधी बघू, मिस्त्रीचा भाव त्यानंतर.

तुम्ही लिहिता, ‘रत्नागिरीत असताना गाडीला डाग नव्हता, नाशकात येऊन खराब झाली.’ असं पुष्कळांना वाटतं, आणि मला ते उलटं दिसतं. तुमची गाडी गंजली रत्नागिरीतच. नाशकात ते फक्त बाहेर आलं. ८००ची बॉडी म्हणजे शेकडो ठिकाणी एकावर एक ठेवून जोडलेले पत्रे. कारखान्यात दोन पत्र्यांच्या कडा दाबून ठरावीक अंतरावर स्पॉट वेल्डिंगचे टिपके मारतात आणि बाहेरून पाणी अडवणाऱ्या सीलंटची रेघ ओढतात. दोन टिपक्यांच्या मधे केसाएवढी फट राहतेच. वातीत तेल चढावं तसं त्या फटीत पाणी चढतं. समुद्राकाठी त्या पाण्यासोबत मीठ जातं, आणि मीठ एकदा आत बसलं की दमट हवेतून स्वतःच ओल ओढून घेतं. नाशकाच्या कोरड्या हवेत गंजाचा वेग कमी झाला असेल, थांबला मात्र नसणार.

आता तो कुरकुरणारा जोड. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कैकपट जागा मागतो. दोन पत्र्यांच्या मधे तो तयार झाला की पाचरीसारखा दोघांना फाकवतो. फट वाढते, आणखी पाणी आत जातं. बाहेर रंगाला रुपयाएवढा फुगा दिसतो तेव्हा आत तळहाताएवढा पत्रा सडलेला असतो, हा माझा बॉडी शॉपमधल्या २६ वर्षांचा हिशेब. फुगा ही त्या दुखण्याची शेवटची खूण. म्हणून फुगा घासून, त्यावर लांबी भरून रंग दिला तर आत काहीच बदलत नाही. उलट ही लांबी पाणी धरून ठेवते. साध्या प्रायमरचंही तसंच. त्यातून पाणी झिरपतं. ११ हजाराचं काम दिवाळीत चकाचक दिसेल आणि पुढच्या गणपतीपर्यंत त्याच जागी पुन्हा फुगेल. 

मग सुरुवात कुठून करायची? मॅटखालचं पाणी येतं कुठून, ते शोधण्यापासून. वेल्डिंगची भाषा त्याच्याआधी नको. नवा पत्रा टाकला आणि वरून पाणी येतच राहिलं तर ५८ हजारही त्याच वाटेने वाहून जातील.

माझा पहिला संशय समोरच्या काचेच्या रबरावर. २५ वर्षांत ते वाळून आखडतं आणि खालच्या कोपऱ्यांत पाणी सोडतं. दुसरा संशय काचेखालच्या जाळीवर, ज्याला काऊल म्हणतात. झाडाखाली गाडी लावत असाल तर तिथे पाला साचतो, पाणी जायची भोकं बुजतात, तळं होतं आणि ते पायापाशी उतरतं. तिसरा संशय दारांवर. दारात काचेच्या फटीतून पाणी जाणारच, तशीच रचना असते. ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. भोकं मातीने भरली की दार आतून बादली होतं आणि दाराची खालची कड सडते. छत्रीची तुटकी तार घ्या आणि भोकं मोकळी करा. हे तुमच्यासारख्या प्रत्येकाने पावसाळ्याआधी करावं, गाडी जुनी असो वा तीन वर्षांची. एसी बसवलेला असेल तर त्याच्या पाण्याची नळी आत सुटलेली नाही ना, तेही बघून घ्या.

तपासायची रीत सोपी आहे. मॅट आणि खालचं गोणपाट काढा. एक जण आत बॅटरी घेऊन, एक बाहेर पाण्याचा पाइप घेऊन. पाणी खालून वर न्यायचं : आधी दाराची खालची कड, मग दाराची फट, मग काऊल, शेवटी काच. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं. एकदम टपावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून येतं आणि काही कळत नाही. आणि अण्णांना विचारा. काच कधी बदलली होती का, रत्नागिरीत कोणत्या बाजूला पाणी यायचं, कोणती बाजू कशाला ठोकली होती. रोज फडकं फिरवणाऱ्या माणसाच्या हाताला जे ठाऊक असतं ते रॅम्पवर दिसत नाही.

पाणी सापडलं की टोच्या घ्या, नाहीतर जुना स्क्रू ड्रायव्हर. आधी त्याच्या मुठीने पत्र्यावर ठोका. धड पत्रा टणकन वाजतो, सडलेला भद वाजतो. शंका आली तिथे टोक दाबा. आत गेलं तर जाऊ द्या. भोक तुम्ही पाडलेलं नाही, ते आधीपासूनच होतं, रंगाने झाकलेलं.

इथे थोडं गाडीच्या हाडांबद्दल बोलायला हवं, कारण मिस्टरांचा आणि मिस्त्रीचा वाद खरा इथे आहे. आपल्या सातपूरला जी बोलेरो बनते तिला खाली वेगळी चेसी असते. वरचा पत्रा सडला तरी सांगाडा शाबूत राहू शकतो. ८००ला तशी चेसी नाही. साडेसहाशे किलोच्या आसपासच्या या गाडीत पत्र्याची पेटी हीच चेसी. त्यामुळे तिचे काही पत्रे नुसते झाकतात आणि काही भार घेतात, आणि दोन्हींना गंज मात्र सारखाच दिसतो.

तेव्हा दुतोंड्याच्या मापाने मोजू. पुढचे फेंडर, बोनेट, दारांचे बाहेरचे पत्रे, डिकीचं झाकण इथे गंज असेल तर पाणी घोट्याला लागलंय. पुढचा फेंडर बोल्टवर असतो. तो शिवत बसण्यापेक्षा बदलणं स्वस्त पडतं. फ्लोअरचा सपाट भाग सडला असेल तर गुडघ्याला. रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, सीट बसते त्या आडव्या पट्ट्या, सीट बेल्टचा बोल्ट जिथे धरतो ती जागा, तिथे गंज म्हणजे कमरेला. पुढच्या शॉकअपचं वरचं टोक जिथे बसतं तो एप्रन, मागच्या स्प्रिंगची आणि आर्मची बैठक, छत पेलणाऱ्या पिलरचा बुंधा, तिथे टोच्या आत गेला तर छातीला. छातीला पाणी लागलं असेल तर मी मिस्टरांच्या बाजूने आहे, अण्णांची माफी मागून. तशी गाडी जोडता येतच नाही असं नव्हे. पण त्या जागी चाकांचं माप जिगवर, म्हणजे मापाच्या चौकटीवर, धरून काम करावं लागतं, आणि ८००च्या किमतीत ते करणारा चांगला कारागीर मिळणं कठीण.

तुमच्या वर्णनावरून मला पाणी कमरेपर्यंत वाटतंय. हा माझा अंदाज. टोच्या खरं सांगेल.

आता वेल्डिंग. तुम्ही लिहिलंय, ‘जोड पूर्ण रेघभर पक्का करून घ्यावा ना?’ हा गैरसमज घरोघरी आहे आणि अर्ध्या गॅरेजांतही आहे. बॉडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे. त्यावर सलग रेघ ओढली की तो तापून पापडासारखा वाकतो, जोडाशेजारी कडक होतो, आणि पुढे तडा जातो तो त्या कडेलाच. कारखान्याने टिपके मारले ते काही नुसते पैसे वाचवायला नाही. दुरुस्तीतही तीच नक्कल करायची. नव्या पत्र्याच्या कडेला पाच-सहा मिलिमीटरची भोकं इंच-दीड इंचावर पाडायची, तो जुन्या धड पत्र्यावर घट्ट आवळायचा आणि भोकं सीओटूने भरायची. याला प्लग वेल्डिंग म्हणतात. जिथे पत्रे एकावर एक न ठेवता कडेला कड लावायची तिथे एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग पुन्हा पहिल्याशेजारी, असं हिंडत जायचं. पत्रा हाताला गरम लागला की थांबायचं, विडी ओढून यायचं. माझे उस्ताद असंच सांगायचे. मी चहावर भागवलं.

गॅस वेल्डिंगला मी नावं ठेवणार नाही. नाशकातल्या द्वारका-वडाळा नाका पट्ट्यात हात बसलेले असे जुने डेंटर, म्हणजे पत्र्याचे कारागीर, आहेत की गॅसने शिवलेला पत्रा शोधून सापडत नाही. पण गॅसची ऊब दूरवर पसरते, दोन्ही बाजूंचा रंग जळतो, आणि बंद रनिंग बोर्डाच्या आतला जळलेला रंग पुन्हा लावायला कोणी आत जाऊ शकत नाही. गंज तिथून पुन्हा सुरू होतो. ११ हजारवाला ‘गॅस मारून’ म्हणाला त्याचा अर्थ बहुतेक पितळेची काडी, म्हणजे ब्रेझिंग. वरच्या झाकणाच्या पत्र्याला ते चालून जातं. भाराच्या जागी नको. आणखी एक अडचण भाव सांगताना कोणी बोलत नाही : जोडात एकदा पितळ गेलं की त्यावर सीओटू नीट धरत नाही. उद्या पक्कं काम करायचं ठरलं तर तेवढा भाग कापून टाकावा लागतो. म्हणजे ‘आत्ता ११ चं करू, पुढे बघू’ यात पुढचे ५८ वाढतात.

पत्रा सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, शीटचा घ्या, फ्लोअरला साधारण २० गेज, भाराच्या जागी त्याहून जाड, १८. गंजू नये म्हणून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, लावा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. वेल्डिंगच्या जागी जस्त जळूनच जातं आणि त्या धुराने कारागिराला रात्री थंडी वाजून ताप भरतो. ८००चे तयार रनिंग बोर्ड पार्ट्सच्या दुकानांत विचारा. तयार आकार मिळाला तर मजुरी वाचते. रनिंग बोर्ड कापताना एका वेळी एकच बाजू. गाडी चाकांच्या जागी सपाट टेकलेली हवी, मधोमध जॅकवर लोंबणारी नको, दाराच्या चौकटीत आडवा पाइप तात्पुरता जोडलेला हवा आणि दार अधूनमधून लावून बघायला हवं. मिस्त्री हे करत नसेल तर काम झाल्यावर गाडी सुरेख दिसेल, फक्त दार लागणार नाही.

वेल्डिंगनंतरचा क्रम चुकला तर सगळं पाण्यात. दोन पत्र्यांच्या मधे जोडण्याआधी झिंक प्रायमर, जोडल्यावर घासून इपॉक्सी प्रायमर, त्यावर सीलंटची रेघ, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी रनिंग बोर्डाच्या पोकळीत नळीने मेण किंवा गंजरोधक तेल. उघड्या पत्र्यावर थेट सीलंट ओढणारे पाहिलेत मी. ते त्या ओलीला कुलूप लावून ठेवतात. आणि पाणी निघायची भोकं बुजवायची नाहीत!

हे मी मोठ्या तोंडाने सांगतोय, पण माझी प्रीमियर पद्मिनी गाडी मीच मारली. तेव्हा मी बॉडी शॉपमध्ये नवा, उत्साही. ओल्या गंजावर स्वतःच्या हाताने काळं अंडरबॉडी कोटिंग जाड थापलं, भोकांसकट. खालून दोन वर्षं नवी कोरी दिसली. मग वणीला जाताना एका खड्ड्यात बायकोच्या सीटचा मागचा पाय फ्लोअरमधून खाली गेला आणि ती एकदम आभाळाकडे बघू लागली. सप्तशृंगीचं दर्शन झालं, पण त्या दिवशी आमचं बोलणं झालं नाही. तेव्हापासून गंज खरवडल्याशिवाय, गंज निष्क्रिय करणारं रसायन, म्हणजे कन्व्हर्टर, लावून वाळवल्याशिवाय त्यावर कोटिंग मारणाऱ्याला मी माझी गाडी दाखवतो. म्हणजे तिचा फोटो.

मुलाबद्दल. त्याला नाही म्हणू नका, पण पार्किंगला ठाम नाही म्हणा. ८००ची पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला खाली आणि पेट्रोलची नळी फ्लोअरखालून जाते. आत गोणपाट, फोम, डांबरी पॅड. वरच्या बाजूने टाका मारला तर खालच्या बाजूला काय पेटलंय ते दिसत नाही. एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर सिलिंडर किट बसवणाऱ्याकडूनच काढून घ्यावं लागेल. पार्किंगमध्ये शेजारी आठ गाड्या, वर चार मजले. शिवाय ग्राइंडरच्या ठिणग्या शेजाऱ्याच्या काचेत रुततात आणि ते डाग जन्मात जात नाहीत. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला तुम्हालाच बसायचंय.

शिवाय ऑनलाइन त्या किमतीत मिळणारी बरीचशी मशीन बिनगॅसची, गॅसचं काम करणारी पूड, म्हणजे फ्लक्स, भरलेल्या तारेची असतात. पातळ पत्र्यावर ती जास्त तापतात, भोकं पाडतात. त्याला शिकायचंच असेल तर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये किंवा त्या ५८ हजारवाल्याच्याच दुकानात सुटीत उभा राहू दे, २० गेजच्या तुकड्यांवर, ०.८ मिलिमीटरच्या तारेने. प्लग मारलेले दोन पत्रे पकडीने सोलून बघायचे. टिपका जागेवर राहून त्याभोवती पत्रा फाटला तर जोड झाला. टिपका अलगद सुटला तर नाही झाला. असे ५० फाटले की मग बोलू. चष्म्याऐवजी हेल्मेट, कारण डोळ्याला वेल्डिंग लागलं की रात्रभर डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं.

तोवर या गाडीत त्याच्यासाठी भरपूर काम आहे, आणि ते फुकटचं नाही. सीट, मॅट, पॅड काढणं, वायर ब्रशने खरवडणं, बॅटरीची तार सोडणं, इंजिनाला कॉम्प्युटर असेल तर त्याचा प्लग काढून ठेवणं, काम झाल्यावर पोकळीत मेण भरणं. मिस्त्रीला गाडी उघडी करून दिली तर मजुरीतून एवढं वजा करा असं सांगता येतं.

आता पैसे आणि कागद. २० वर्षांवरच्या मोटारीला नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झालंय, शिवाय पर्यावरण कर. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. म्हणून प्रश्न ‘११ का ५८’ असा राहत नाही. पुढची पाच वर्षं तुम्ही ही गाडी रोज वापरणार असाल तर गाडी, कर, काम सगळं मिळून दर वर्षाला काय पडतं ते कागदावर मांडा, आणि त्याच्या शेजारी सेकंडहँड गाडीचा हप्ता लिहा. पण मनात खोलवर असं असेल की अण्णा आहेत तोवर गाडी दारात हवी, तर तेही कारण धडधाकट आहे. फक्त ते मिस्टरांना तसंच सांगा, पेट्रोलच्या ॲव्हरेजच्या आड लपवू नका. आणि त्या परिस्थितीत रोज हायवेला नेण्यासाठी दुसरी गाडी बघा, हिला घराजवळच्या सिन्नर फाट्यापर्यंतच ठेवा.

अर्ज नोंदणी संपायच्या आधी ६० दिवसांत करता येतो. तुमचा डिसेंबर, म्हणजे ऑक्टोबरपासून. दसरा होऊ द्या, पाऊस जाऊ द्या. ओल्या हवेत उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टात हे काम देणं म्हणजे नव्या गंजावर रंग देणं. पेठ रोडच्या आरटीओत पासिंग झालं म्हणून आतला पत्रा ठणठणीत आहे असं समजू नका, तपासणाऱ्याकडे टोच्या नसतो. चेसी नंबर कोरलेला पत्रा कापायचा किंवा घासायचा नाही, हे मिस्त्रीला आधीच बजावा. रंग बदलायचा मोह झाला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. अण्णांचा पांढराच राहू द्या. विमा गंजाला पैसे देत नाही, तिकडे खेपा घालू नका. आणि शेवटी भंगारातच द्यायची ठरली तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट घ्या, नोंदणी रद्द झाल्याचं आरटीओकडून पक्कं करा. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिलेली गाडी कागदावर तुमचीच राहते.

५८ हजारवाल्याकडे पुन्हा जा. साहेबांना न घेता. तो तसा बोलला हे वाईटच. पण गाडी वर चढवून बघणारा तोच एक होता, म्हणून मी त्याला अजून एक संधी देईन. या वेळी बोलणं तुमच्याकडून सुरू होऊ द्या : ‘मला ही गाडी पाच वर्षं रोज चालवायचीय. भाराचा पत्रा किती, झाकणाचा किती, रंगाचे किती, वेगवेगळं लिहून द्या.’ मला वाटतं ५८ मधला बराच भाग पूर्ण गाडीच्या रंगाचा असेल. रनिंग बोर्डाच्या पट्ट्यापुरतं खडबडीत काळं कोटिंग, खरवडून आणि प्रायमर करून, दिलं तर शेड जुळवायची कटकट उरत नाही आणि दगडही लागत नाहीत. मग शेवटचं वाक्य : ‘वेल्डिंग झालं की लांबी लागायच्या आधी मी बघायला येणार, आणि दुसरा हप्ता तेव्हाच देणार.’ हे ऐकून जो चिडतो त्याला काम देऊ नका. ज्याचा जोड चांगला असतो त्याला तो दाखवायला आवडतं.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी यातून एक उचलावं. फ्रिजला लावतात ते लोहचुंबक कागदात गुंडाळून खिशात ठेवा. रनिंग बोर्डावर, चाकाच्या कमानीवर, दाराच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे.

तर या रविवारी ड्रायव्हरच्या सीटचे बोल्ट मुलाकडून काढून घ्या. मिस्टरांना आत बॅटरी घेऊन बसवा, भंगारात द्यायचीय ना, मग आधी बघू तर देत. अण्णांना खुर्ची टाकून द्या आणि पाइप त्यांच्या हातात द्या. पाणी कुठवर होतं ते मला कळवा.